पार्किंगमधला चार्जर

बारामती एमआयडीसीतल्या पियाजिओच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या रिक्षा तयार होतात. जवळच्या पणदरे गावात अंगणात अशी विजेवरची गाडी लावणाऱ्याला घरच्या जोडणीवरून ती रात्रभर चार्ज करता येते. वायरिंग आणि अर्थिंग तेवढे धड हवे. अडचण सुरू होते ती बारामतीत फ्लॅट घेतल्यावर. गाडी पार्किंगमध्ये, मीटर जिन्याखाली, आणि मधली भिंत सगळ्यांच्या मालकीची.

सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न येतो, बिल कोण भरणार? त्याचे उत्तर नियमांत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याची मुभा दिली; म्हणजे ज्याची जोडणी, त्याचे बिल. नव्या जोडणीची मुदतही घटवली: नगरपालिका हद्दीत 15 दिवसांवरून 7, ग्रामीण भागात 30 वरून 15.

भाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 7.4 किलोवॉटचे दहा चार्जर एकदम सुरू झाले, तर 74 किलोवॉट भार पडतो. म्हणून पहिल्या गाडीच्या वेळीच अख्ख्या इमारतीचा भार तपासून घ्यावा, चार्जरना आळीपाळीने वीज देणारी यंत्रणा बसवावी आणि प्रत्येक चार्जरला वेगळा एमसीबी व आरसीसीबी (जादा भार किंवा गळती झाल्यास वीज तोडणारे स्विच) सक्तीचा करावा. कॉमन मीटरवरून ओढलेली एक्स्टेंशन वायर मुळीच चालवून घेऊ नये. तासन्‌तास भार घेऊन तिचा सैल सॉकेट वितळू शकतो.

आगीच्या भीतीने सरसकट परवानगी नाकारणे मात्र अन्यायाचे आहे. सोसायटीच्या समितीने अर्जदार सभासदाला कारणांसह लेखी उत्तर द्यावे. नव्या इमारतीत पार्किंगपर्यंत केबलची वाट ठेवली आहे का, हे नगरपरिषदेने बांधकाम परवानगी देतानाच पाहावे.