फोडणीने दारू सुटत नाही

शनिवार सकाळ. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी व्हायची आहे. तेवढ्यात लिहायला बसतो, नाहीतर राग शांत होईल आणि हेही नेहमीसारखं गोडगोड होऊन बसेल.

तर मंडळी, आमच्या हापिसात माझी एक गोष्ट फिरते. "त्याला ना, ड्रिंकिंगचा प्रॉब्लेम होता. मग कुकिंगची पॅशन सापडली. सुटली!" बस्स, तीन वाक्यं. मध्ये कुठे इस्पितळ नाही, उलट्या नाहीत, आईचं रडणं नाही. मी डब्यातून नेलेल्या वड्या खाता खाता लोक ही गोष्ट एकमेकांना सांगतात. आणि खरं सांगायचं तर मीही ती कधी खोडून काढली नाही. ऐकायला बरी वाटायची हो.

मागच्या महिन्यात टीममधल्या एका पोराने तीच गोष्ट मनावर घेतली. रोज पिणारा. (कोण ते विचारू नका.) शुक्रवारी रात्री शेवटची म्हणून घेतली, उरलेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. शनिवारी नवीन कढई आणली, यूट्यूबवर रेसिपी लावली. कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी त्याला फिट आली. रूम पार्टनर घरी होता म्हणून वाचला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "तुझ्यासारखं करायला गेलो यार."

त्या वाक्यानंतर दोन रात्री मला झोप नाही. म्हणून आज स्पष्ट लिहितो. फोडणीने दारू सुटत नाही. जो म्हणतो सुटते, त्याने एकतर कधी सोडलेली नाही, किंवा माझ्यासारखा तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

आधी शास्त्र. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. म्हणजे ब्रेक कायम दाबलेला आहे हे धरून तो अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसतो. एका दिवसात ब्रेक काढला की गाडी सुसाट. हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. डॉक्टर औषधं देऊन, ती हळूहळू कमी करत, बी-वन जीवनसत्त्व देत माणसाला त्यातून बाहेर काढतात. हे काम कढईचं नाही. मनाच्या खंबीरपणाचं तर त्याहून नाही.

आता माझी पूर्ण गोष्ट. पहिला पेग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, होस्टेलवर. नोकरी लागल्यावर शुक्रवारी. मग रिलीज झालं म्हणून, मग रिलीज फसलं म्हणून. पंचविशीत रोज क्वार्टर, पुढे पुढे पाण्याच्या बाटलीत व्होडका घालून हापिसात. एकदा क्लायंटच्या कॉलवर मी काय बरळलो ते मला आजही आठवत नाही. प्रोजेक्टवरून काढलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, "जरा कंट्रोल ठेव." बाबांच्या साठीशांतीला मी उशिरा पोचलो आणि होमाच्या बाजूला, सगळ्या नातेवाइकांसमोर पडलो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खाली वाकून माझ्या पायातून निसटलेली चप्पल उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. तो आवाज न करता वाकलेला माणूस मला अजून दिसतो.

त्यानंतर व्यसनमुक्ती केंद्र. स्वयंपाकाशी ओळख तिथलीच. प्रत्येकाला काहीतरी काम असायचं, माझ्या वाट्याला लसूण सोलणं आलं. हात असे थरथरायचे की एका पाकळीला पाच मिनिटं. ती काही पॅशन नव्हती हो, ड्यूटी होती.

बाहेर आल्यावर मी स्वयंपाकाच्या अक्षरशः नादी लागलो. आणि चौथ्या महिन्यात पुन्हा प्यालो! गॅसवर मंद आचेवर मटण ठेवलं होतं, कोथिंबीर आणायला खाली उतरलो, तो तीन तासांनी वर आलो. पातेलं जळून काळं, घरभर धूर, शेजारच्या काकू दार ठोठावतायत. म्हणजे स्वयंपाक ऐन रंगात असताना घसरलो. मला पुन्हा उभं केलं ते पातेल्याने नाही. समुपदेशकाने, औषधांनी, आणि दर आठवड्याच्या त्या मीटिंगने, जिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून लोक खरं बोलतात.

एका मित्राने एरिन फ्रेंचचं 'फाइंडिंग फ्रीडम' (2021) दिलं. म्हणाला, घे, तुझीच गोष्ट. ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली बाई. फ्रीडम या आपल्या छोट्या गावातल्या जुन्या गिरणीत तिने 'द लॉस्ट किचन' उभं केलं, आज लोक तिथली जागा मिळावी म्हणून पोस्टकार्डं पाठवतात. पुस्तक चांगलंच आहे. पण नीट वाचा राव! दारू आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या यांच्या विळख्यात ती सापडली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं रेस्टॉरंट होतं. स्वयंपाक होता, हात होता, नाव होतं. त्याने ती वाचली नाही. आधी उपचार, मग हातचं सगळं जाणं, मग एका जुन्या ट्रेलरमध्ये चूल मांडून नव्याने सुरुवात. क्रम महत्त्वाचा आहे. आणि अँथनी बोर्डेनचं 'किचन कॉन्फिडेन्शियल' (2000) वाचलंत तर उलटंच दिसेल. त्याच्या हेरॉइन-कोकेनच्या दिवसांत तो स्वयंपाकघरातच तर राबत होता.

मग स्वयंपाकाचा उपयोग काय? आहे, आणि भरपूर आहे. मीटिंगमध्ये चार शत्रू शिकवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चौघांना एकत्र आणणारी वेळ म्हणजे संध्याकाळचे सात. तेव्हा तलफ येते. थोडा वेळ धकवली की ओसरते, पण तो वेळ जाता जात नाही. मी रोज सातला आईला फोन करायचो. "आई, तुरीच्या डाळीला पाणी किती?" ती म्हणायची, "अडीचपट घाल. आणि मोहरी तडतडू दे रे आधी, घाई नको." मला ते पाठ होतं. मला पाठ आहे हे तिलाही माहीत होतं. तरी वर्षभर रोज सांगत राहिली. डाळ शिजेपर्यंत सात वाजून गेलेले असायचे, पोट भरायचं, फोनवर माणूस असायचं. इतकंच. पण बरा झालेला माणूस बरा राहतो तो अशा इतकंचवर.

आता जरा हापिसवाल्यांशी. गेल्या पार्टीत दारूचं काउंटर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी लिंबूसरबत मागितलं तर वेटर शोधायला गेला, तो गेलाच. वर प्रश्न, "काय रे, अँटिबायोटिकवर आहेस का?" नाही बाबा, जगण्यावर आहे. आणि ही कंपनी दर तिमाहीला 'वेलनेस'चा मेल पाठवते!

विम्याची तऱ्हाही ऐका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत घेतल्या, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्या असंही सांगितलं. आणि 2019 साली विमा नियामकाने पॉलिसीतून वगळता येणाऱ्या गोष्टींची यादी ठरवून दिली, त्यात व्यसनावरचे उपचार! माझा खर्च बाबांची एफडी मोडून झाला. ज्यांच्या बाबांची एफडी नाही त्यांनी काय करायचं? छंद जोपासायचा? 2019 मध्येच प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत (ती एम्सने केली होती) दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाने कुठलातरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. उरलेले 37 आपल्या तीन वाक्यांच्या गोष्टी ऐकतायत.

म्हणून विनंती. कुणी पीत असेल तर त्याला "मन घट्ट कर" म्हणू नका, रेसिपीची लिंकही पाठवू नका. डॉक्टरकडे न्या. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे. कढई नंतर आणा. मी सोबत येईन निवडायला.

तो पोरगा आता केंद्रात आहे. उद्या रविवार, भेटायची वेळ. बाहेरचं खाणं तिथे चालत नाही, त्यामुळे मी रिकाम्या हाताने जाणार आणि मधला सगळा भाग सांगणार, मटणाच्या जळक्या पातेल्यासकट.

तिसरी शिट्टी झाली. उठतो.