पाण्याचे फूट मोजतो, मग पाण्यातलं खत का मोजत नाही?

पूर आला की आयर्विन पुलाची पातळी आपल्याकडं लहान पोरगंही सांगतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, २०१९ ला ५७ फुटांच्या वर. आता एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या वीस वर्षांत कृष्णेतलं नत्र, स्फुरद आणि गाळ वाढला की घटला? सांगा बघू कुणी.

पत्रकार म्हणून दरवेळी तेच बघतो. मासे मरतात, बाटल्या भरतात, नोटिसा निघतात. मार्च २०२३ ला अंकलीजवळ खच पडला तेव्हाही बोंबाबोंब झाली. पण एका बाटलीतून त्या दिवसाचं कळतं, नदी कुठं चाललीय ते कळत नाही.

हिशेब सोपा आहे. समजा लिटरला २ मिलिग्रॅम नत्र आहे. उन्हाळ्यात ५०० क्युसेक वाहत असेल तर दिवसाला अडीच टन गेलं. पुरात ५० हजार क्युसेक असेल तर तेवढ्याच प्रमाणावर २४५ टन! म्हणजे युरियाच्या जवळपास १२ हजार पोत्यांतलं नत्र, एका दिवसात. शिवाय स्फुरद मातीच्या कणाला चिकटून जातं, म्हणजे तेही गढूळ पाण्यातच. महिन्याला एकदा नमुना घेतला आणि पूर मधल्या दिवसांत येऊन गेला, तर मोजलं काय? आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी आकडा आपोआप उतरतो. त्याला सुधारणा म्हणायचं नसतं. म्हणून प्रवाह धरून, सलग वर्षानुवर्षं मोजावं लागतं.

अमेरिकेत ओहायोमध्ये टिफिन नावाचं छोटं गाव आहे. तिथलं एक कॉलेज १९७० च्या दशकापासून ईरी सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचे नमुने घेतंय, दिवसाला तीन-तीन. त्यातूनच कळलं की मातीबरोबर जाणारं स्फुरद घटलं, पण १९९० च्या मध्यानंतर विरघळलेलं स्फुरद वाढत गेलं. एवढा सलग हिशेब नसता तर हे कुणाच्या ध्यानातच आलं नसतं.

काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायला निघाला. उलट आहे. आज कारखाना शेताकडं बोट दाखवतो, शेतकरी कारखान्याकडं, नगरपालिकेचं सांडपाणी मधल्यामधे सुटतं. आकडे नाहीत तोवर जो दुबळा त्याच्यावर खापर. आणि वाहून जाणारं खत आपण पैसे मोजून आणलेलं असतं, रानातली माती तर परत मिळतच नाही.

आष्ट्याच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. गावात इंजिनीअरिंग कॉलेज आहे. बहे ते अंकली ठरलेल्या चार जागा धरा. एरवी आठवड्याला, पुरात रोज नमुना घ्या. नत्र, स्फुरद, गाळ आणि त्या वेळचा प्रवाह एकत्र लिहा. मंडळाच्या प्रयोगशाळेकडून ताडून घ्या आणि दरवर्षी जूनआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दहा वर्षं खंड पडू द्यायचा नाही.

निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्यांना एवढंच विचारा : पुलावर फूटपट्टी आहे, पाण्यातल्या खताची वही कधी सुरू करताय?