एका खुंटीवर तीन गाठोडी

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातील एक कापड व्यापारी पत्नी व कन्येसह घरी आले. मुलगी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेली. जपानमधील शाळांना साहाय्यक इंग्रजी शिक्षक पुरविणाऱ्या एका कंपनीने तिला कराराचा मसुदा पाठविला होता. बँकेत आयुष्य कर्जाची कागदपत्रे वाचण्यात गेल्यामुळे असे कागद आजही माझ्याकडे येतात. आईची काळजी जेवणाची होती, आणि ती रास्तच होती. तेथे साध्या भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. त्याला ‘दाशी’ म्हणतात. जाणाऱ्याने हा शब्द आधी शिकून घ्यावा. वडिलांचा प्रश्न पगाराचा होता. घरभाडे कोण भरणार, हे मात्र कोणीच विचारले नव्हते.

करारात लिहिले होते की, निवासाची सोय कंपनी करील आणि भाडे पगारातून वळते करून घेईल. वडिलांना ती सवलत वाटली. मला २००७ सालचे नोव्हा प्रकरण आठवले.

नोव्हा ही त्या वेळी जपानमधील इंग्रजी संभाषण शिकविणारी सर्वांत मोठी संस्था होती. देशभर शेकडो शाखा, सुमारे ४,००० परदेशी शिक्षक आणि काही लाख विद्यार्थी असा तिचा पसारा होता. विद्यार्थ्यांकडून तासांचे पैसे आगाऊ घेतले जात. जितके अधिक तास एकदम विकत घ्यावेत, तितका दर कमी. पण कोणी मध्येच शिक्षण सोडले, तर झालेल्या तासांचा हिशेब चढ्या दराने होई आणि परतावा फारच थोडा मिळे. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर ठरविली. जूनमध्ये सरकारने संस्थेच्या व्यवहाराचा काही भाग सहा महिन्यांसाठी थांबविला. नवे ग्राहक आटले, जुने परतावा मागू लागले आणि २६ ऑक्टोबर रोजी संस्था न्यायालयाच्या आश्रयास गेली.

आपल्यासारख्या व्यापारी घरांना यातील चूक समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाने दिलेला विसार गल्ल्यात पडला, तरी माल पोहोचेपर्यंत तो खतावणीत देणे म्हणूनच उभा असतो. त्या पैशातून नव्या शाखा उघडल्या, तर एक दिवस देणेकरी दारात उभे राहणारच.

मात्र सर्वांत हलाखी झाली ती शिक्षकांची. पगार थकले, आणि त्याच सुमारास काहींच्या दारी घर रिकामे करण्याच्या सूचना येऊन धडकल्या. संस्थेने त्यांच्या पगारातून भाडे कापले होते, पण ते घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते. पदवीधर तरुण-तरुणी परक्या देशात जेवणाच्या मोबदल्यात इंग्रजी शिकवू लागल्या. कामगार संघटनेनेच ती व्यवस्था उभी केली होती.

त्या शिक्षकांच्या कामात खोट नव्हती. नोकरी, निवारा आणि देशात राहण्याची परवानगी ही तिन्ही गाठोडी त्यांनी एकाच खुंटीला टांगली होती. खुंटी निखळली, तेव्हा तिन्ही एकदम खाली आली.

म्हणून परदेशी जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. शिक्षकांची गरज खरी आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांच्याकडे सर्वसाधारणपणे १२ वर्षे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागितला जातो. तो मुलीकडे होता. तेथील कायद्यातही काही आधार आहेत. मालकाचे दिवाळे निघाल्यास थकलेल्या वेतनाचा ठरावीक मर्यादेत ८० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी योजनेतून मिळू शकतो. नोकरी बदलल्यास १४ दिवसांत इमिग्रेशन खात्यास कळवावे लागते; परंतु तीन महिने काम न करता राहिल्यास वास्तव्याची परवानगी रद्द होऊ शकते. म्हणजे खरी मुदत तीन महिन्यांची.

मी मुलीला कंपनीस तीन प्रश्न लिहायला सांगितले. भाडेकरार कोणाच्या नावावर असेल? भाडे भरल्याची पावती दरमहा मिळेल का? करार मध्येच संपल्यास घर किती दिवसांत सोडावे लागेल? पहिल्या दोहोंची उत्तरे आठवड्यात आली. तिसऱ्याचे उत्तर आलेच नाही. मुलीने स्वतःच ठरविले की कंपनीचे घर नको, अनामत रक्कम जास्त पडली तरी चालेल. वडील गप्प बसले. कपाशीच्या मंदीत दुसऱ्याच्या भरवशावर राहून त्यांनीही एकदा हात पोळून घेतले होते.

निघण्यापूर्वी त्यांनी तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात भरली. मी म्हणालो, “परतीच्या तिकिटाची सोय झाली म्हणायची.”

मुलगी म्हणाली, “नाही काका. परत न येता दुसरी नोकरी शोधण्याची सोय झाली.”

परदेशी निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या खात्यात एवढी शिल्लक असावी. पगाराचा आकडा त्यानंतर पाहावा.