‘आमचे वकील’ आणि ‘आमचा महार’

कोर्टाच्या आवारात पक्षकार सहज म्हणतो, “माझे वकील अजून आले नाहीत.” घरी दुखणे निघाले की “आमच्या डॉक्टरांना बोलवा” असे म्हणतात. फी दिली म्हणून वकील वा डॉक्टर कोणाच्या मालकीचे होत नाहीत. मग हा ‘माझे’ शब्द येतो कोठून? मराठीतील षष्ठी केवळ मालकी सांगत नाही; ती नाते आणि हक्कही सांगते. वकीलपत्रावर सही झाली म्हणजे वकील पक्षकाराची बाजू मांडण्यास व त्याचे गुपित राखण्यास बांधला जातो. कोर्टाच्या परवानगीने दोघांपैकी कोणालाही त्यातून मोकळे होता येते. दोघेही स्वतंत्र आहेत, म्हणूनच हे नाते सन्मानाचे आहे.

गावगाड्यातही हा शब्द होता. ‘आमचा महार’ असे गाव म्हणत असे. तेथे करार नव्हता, संमती नव्हती आणि काम नाकारण्याची सोय तर नव्हतीच. १८७४ च्या वतन कायद्याने या राबवणुकीस सरकारी आधार दिला. त्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. परंतु कनिष्ठ वतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा व्हावा लागला. ‘आमचे’ आणि ‘आमचा’ यांत लिहिताना काना व मात्रा एवढाच फरक. पण एकात माणूस आहे, दुसऱ्यात मालमत्ता.

आजही आमचा खेड्यातील बांधव वकिलापुढे हात जोडून कृपा मागतो. त्याने हे ध्यानात ठेवावे की, अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमाने दिला आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२ व्या कलमान्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही तो दर्जा मिळाला असल्यामुळे धम्मदीक्षेने हा हक्क जात नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे वा जिल्हा प्राधिकरणाकडे करावा.

असा मिळालेला वकीलही तुमचाच वकील होय. त्याला तारीख विचारा, कागदांच्या नकला मागा आणि न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. ज्यांना इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘आमचा’ म्हटले, त्यांनी आता आपल्या हक्काला ‘माझा’ म्हणण्यास शिकले पाहिजे.