पिसवांचं औषध आणि मनीचा जीव

दुधनीच्या एका भगिनी लिहितात : कुत्र्याला पिसवा झाल्या म्हणून यजमानांनी म्हशीच्या गोचिडांचं औषध त्याला चोळलं. दुसऱ्या दिवशी मान लालबुंद, केस गेले, पाणी सुटलं. उरलेलं औषध मांजरीला लावू का?

ताई, मांजरीला मुळीच लावू नका! गोचिडांच्या औषधांत बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. ते पाण्यात मोजून मिसळायचं असतं. तसंच चोळलं तर कातडी पोळणारच. मांजरीचं तर त्याहून वाईट. तिच्या यकृताला ही द्रव्यं लवकर बाहेर टाकता येत नाहीत, शिवाय ती दिवसभर अंग चाटते. लाळ गळते, थरथर सुटते, झटके येतात, प्रसंगी जीव जातो. कुत्र्यांसाठी परमेथ्रिनचे थेंब मिळतात, तेही तिला चालत नाहीत.

कुत्र्याला हातमोजे घालून कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं हलक्या हातानं धुवा. कढत पाणी नको. डेटॉल, रॉकेल, कडुनिंबाचं तेल, काही काही लावू नका. चाटू देऊ नका. पाणी सुटलंय, तेव्हा आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. औषधाची बाटली बरोबर असू द्या, डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.

जुन्या घरांत गॅमेक्झिनची पूड अजून डब्यात सापडते. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. ती कुणालाच लावायची नाही.

खरं पाहता जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी गळून पडतात ती गोणपाटात, मातीच्या जमिनीत, कोपऱ्यातल्या धुळीत. म्हणून अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका आणि कडक उन्हात वाळवा. चादर सोलापुरी असली तरी कुत्र्याखाली गेली की तिची गय नाही! कोशातल्या पिसवा महिनोन्‌महिने दबा धरून बसतात, तेव्हा झाडलोट चालूच ठेवा. पुन्हा दिसल्या म्हणून औषध दुप्पट करू नका.

कातडी बरी झाल्यावर डॉक्टरांना विचारून फिप्रोनिलचे थेंब आणा. वजन सांगूनच घ्या, मांजरीचे वेगळे. मानेमागे केस बाजूला करून लावायचे, आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. जराशी लाली एक-दोन दिवसांत जाते. पसरली तर पुन्हा लावू नये. दोन महिन्यांच्या आतल्या पिलांना औषध नकोच. उवांच्या फणीनं विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.