आवाज मोठा नको, पोहोचणारा हवा

आपल्याकडे जलसा कसा झाला म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. "जबरदस्त! आवाज पार तलावापर्यंत जात होता." कामतघरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वऱ्हाळा तलावाच्या पलीकडे आवाज गेला की आयोजक खूश. पण मंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला तकरीर कळली का, हे कोणी विचारत नाही. पडद्यामागे बसलेल्या बायकांना काय ऐकू आलं, हे तर नाहीच नाही.

यात आपल्या शहराचाही थोडा हात आहे. भिवंडी लूमचं शहर. लूमच्या शेडमधला आवाज सहज 90 डेसिबलच्या पुढे जातो आणि तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाशी घरातही ओरडूनच बोलावं लागतं. मोठ्या आवाजाची सवय इथल्या कानांना लहानपणापासून लागते. त्यामुळे कार्यक्रमात काही ऐकू येत नसेल, तर आपल्याला एकच उपाय सुचतो : "अरे भाई, आवाज वाढव!" आवाज वाढतो, माईक शिट्टी मारतो, साउंडवाला धावतो आणि बोलणारा गोंधळतो. शब्द मात्र होते तितकेच अस्पष्ट राहतात.

म्हणून आज एका यंत्राबद्दल लिहिते आहे. टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर. काहींनी तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पाहिला असेल. मोठ्या टेबलावर पसरलेला, शेकडो बटणांचा मिक्सर तिथे दिसत नाही. स्टेजजवळ एक लहान पेटी असते, सगळ्या माईकच्या वायरी तिच्यात जातात, आणि साउंडवाला हातात टॅबलेट घेऊन मंडपात फिरत असतो. पेटी आणि टॅबलेट वाय-फायने जोडलेले असतात. 2012 मध्ये मॅकी कंपनीने डीएल1608 हा 16 माईकचा मिक्सर आणला, तो आयपॅडवरून चालायचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत बेहरिंगरचा एक्सआर18 आणि साउंडक्राफ्टचे यूआय मिक्सर आले. यूआयला तर वेगळं ॲपही लागत नाही, साध्या ब्राउझरवर तो उघडतो. म्हणजे ही काही काल आलेली चीज नाही. आपल्या जलशांपर्यंत, मुशायऱ्यांपर्यंत आणि शाळांच्या गॅदरिंगपर्यंत मात्र ती अजून फारशी पोहोचलेली नाही.

या यंत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने साउंडवाल्याचे पाय मोकळे केले.

आपल्या कार्यक्रमांत साउंडवाला कुठे बसतो, ते आठवा. स्टेजच्या बाजूला, कनातीच्या आडोशाला, ॲम्प्लिफायरच्या ढिगाऱ्यात. माईकच्या वायरी तिथवरच पुरतात म्हणून त्याची जागा तिथे. लोकांच्या मधोमध बसायचं तर जाड वायर मंडपभर ओढावी लागते, आणि ती कोणाच्या तरी पायात येते. आता स्पीकरचा स्वभाव पाहा. बारीक, तीक्ष्ण स्वर स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात आणि घुमणारा जाड स्वर चारी बाजूंना पसरतो. स्पीकरच्या मागे बसलेल्या माणसाला फक्त घुमणं ऐकू येतं. तो जे ऐकतो ते लोक ऐकत नाहीत, लोक जे ऐकतात ते त्याला ऐकू येत नाही. अंदाजाने तो बटणं फिरवतो. न चाखता बिर्याणीत मीठ टाकण्याचाच हा प्रकार आहे. टॅबलेट हातात असेल, तर तो उठून शेवटच्या रांगेत जाऊ शकतो, पडद्यामागच्या स्पीकरजवळ उभा राहू शकतो आणि तिथेच बोटाने दुरुस्ती करू शकतो.

आपल्या परंपरेत शेवटच्या रांगेची काळजी फार जुनी आहे. जमात मोठी असेल, तर इमामाची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोहोचवण्यासाठी मुकब्बिर उभा राहतो. पैगंबर साहेबांच्या शेवटच्या आजारपणात हजरत अबू बकर यांनी त्यांची तकबीर लोकांना ऐकवली, हे हदीसमध्ये आलेलं आहे. लाऊडस्पीकर आला, तेव्हा उर्दूत त्याला नावच पडलं आला-ए-मुकब्बिरुस्सौत. नमाजात तो चालतो की नाही, यावर उलमांमध्ये बरीच वर्षं चर्चा झाली. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी यावर रिसाला लिहिला, आणि आधी कडक असलेलं आपलं मत पुढे सौम्यही केलं. मशीन मान्य झालं, भोंगे चढले. पण मुकब्बिरचं खरं काम, म्हणजे मागच्या माणसाला समजलं की नाही हे पाहणं, ते मधल्या मधे हरवलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे खराब आवाजाचा राग मला दुप्पट येतो. भाषेचा अर्थ व्यंजनांवर उभा असतो. अरबीत 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. मराठीत 'काल' आणि 'काळ' वेगळे, 'मन' आणि 'मण' वेगळे. हा फरक कानाला कळतो तो बराचसा 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपासच्या बारीक स्वरांमुळे. आपले साउंडवाले मात्र बेस चढवून ठेवतात, कारण बेस असला की आवाज 'भारी' वाटतो. त्यावर एकोची फोडणी. नातखाँ मुलाला एको हवा असतो, हे मी समजू शकते, तरन्नुमला तो शोभतो. पण नात संपते आणि तोच एको तकरीरलाही चालू राहतो. प्रत्येक शब्द स्वतःच्याच सावलीवर आपटतो. डिजिटल मिक्सरमध्ये यासाठी 'सीन' नावाची सोय असते. नातचा सीन वेगळा, तकरीरचा वेगळा, मुलांच्या नाटकाचा वेगळा. आधी जुळवून ठेवायचं आणि वेळ आली की एका बोटाने बदलायचं. प्रत्येक माईकच्या खालच्या घुमणाऱ्या स्वराला कात्री लावायची सोयही त्यात असते. शिट्टी नेमकी कोणत्या स्वरावर वाजते, ते पडद्यावर पाहून तेवढाच स्वर दाबता येतो. सगळा आवाज कमी करावा लागत नाही.

मुशायऱ्याला याहून चांगला उपयोग आहे. नाजिमचा माईक, शायरचा माईक, सदर साहेबांसमोरचा माईक, सगळे एकाच वेळी उघडे असतात. एक शेर पढतो, बाकीचे खोकतात, चहाचे कप वाजतात, तेही सगळ्या मैदानाला ऐकू जातं. डॅन ड्यूगन नावाच्या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने 1970 च्या दशकात यावर तोड काढली. जो बोलतोय त्याचा माईक आपोआप पुढे येतो, गप्प असलेल्यांचे मागे सरकतात, एकूण आवाज तेवढाच राहतो. एकेकाळी यासाठी वेगळं महाग यंत्र लागायचं. आज एक्सआर18 सारख्या लहान पेटीत त्याच धर्तीची सोय मिळते.

लांब मैदानात आणखी एक गोष्ट घडते. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. स्टेजपासून 30 मीटर मागे दुसरा स्पीकर लावला, तर वायरीतून आलेला आवाज तिथे लगेच वाजतो आणि पुढच्या स्पीकरचा आवाज हवेतून सुमारे 90 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. वक्ता चांगला असूनही त्याचं डोकं दुखतं. अनेक डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावता येतो, की दोन्ही आवाज एकत्र पोहोचतात.

आता पडद्यामागची गोष्ट. मी तिथे बसून ऐकते, म्हणून सांगते. बायकांकडे जो स्पीकर येतो, तो बहुतेक वेळा उरलेला असतो. कोपऱ्यात एक जुना बॉक्स, बाहेरच्याच लाइनला जोडलेला. तिथे मुलं रडत असतात, पंखे घरघरत असतात, जागा बंदिस्त असते. मैदानात ठीक वाटणारा आवाज तिथे कर्कश होतो. एखादी बाई उठून तो बॉक्स बंद करते, मग काहीच ऐकू येत नाही. तालीमवर, निकाहवर, मेहरवर, मुलींच्या शिक्षणावर तकरीर होते, आणि जिच्याबद्दल बोललं जातंय तिलाच ती कळत नाही. एक्सआर18 मध्ये मुख्य आवाजाव्यतिरिक्त सहा वेगळे आउटपुट आहेत. त्यातला एक फक्त पडद्यामागे द्या. त्याचा आवाज, बेस, ट्रेबल सगळं वेगळं. त्याहून सोपं म्हणजे टॅबलेटवरचा तेवढाच भाग बायकांपैकी एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती द्या. एकाच मिक्सरला दोन-तीन टॅबलेट किंवा मोबाइल जोडता येतात. परक्या पुरुषाने आत यायचा प्रश्नच उरत नाही. परदा कायम राहतो आणि ऐकण्याचा हक्कही मिळतो.

कोणी म्हणेल, बाई, हे सगळं पैसेवाल्यांचं काम. मला तसं वाटत नाही. आपण स्टेजवर खर्च करतो, फ्लेक्सवर करतो, शाली आणि ट्रॉफींवर करतो. घासाघीस होते ती साउंडवाल्याशी. आणि तोच नीट नसेल, तर बाकी सगळा खर्च वाया जातो. प्रत्येक कमिटीने पेटी विकत घ्यावी, असंही माझं म्हणणं नाही. भाड्याने साउंड ठरवताना दोनच प्रश्न विचारा. कार्यक्रम चालू असताना तुमचा माणूस मागे फिरून ऐकणार का? आणि बायकांकडचा आवाज वेगळा ठेवणार का? गिऱ्हाईक विचारायला लागलं, की बाजार आपोआप शिकतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वाय-फाय दगा देतं. हजार मोबाइल असलेल्या मैदानात पेटीतलं छोटं वाय-फाय अडकतं आणि टॅबलेट हातात असून काही चालत नाही. आवाज बंद पडत नाही, तो आहे तसा चालू राहतो, पण बदलता येत नाही. यावर जाणकार करतात ते उपाय साधे आहेत. वेगळा राउटर घ्यायचा, 5 गिगाहर्ट्झवर चालवायचा, उंचावर लावायचा, त्याचा पासवर्ड कोणाला द्यायचा नाही. पेटीशेजारी वायरीने जोडलेला एक लॅपटॉप तयार ठेवायचा. पेटीला आणि राउटरला यूपीएस लावायचा, कारण लाइट क्षणभर गेली तरी हा मिक्सर कॉम्प्युटरसारखा पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. हे जमणार नसेल, तर जुना मिक्सर बरा, हे मी मान्य करते.

आणि टॅबलेट आला म्हणजे कान आला, असं होत नाही. ज्याला बेसच आवडतो, तो टॅबलेटवरूनही बेसच चढवेल. म्हणून हे शिकवावं लागेल. आपल्या शहरातली किती मुलं लूमवर किंवा गोदामात जातात, ते आपण रोज पाहतो. त्यातल्या काहींना ध्वनीचं काम नीट शिकवलं, तर ती पोटापाण्याची विद्या आहे. शाळेत विज्ञानाचे सर वारंवारता शिकवतात, आम्ही उच्चार शिकवतो. गॅदरिंगच्या आधी आठ दिवस दोघांनी मिळून चार मुलं आणि चार मुली साउंडवाल्यासोबत बसवल्या, तर पुस्तकातला धडा आपोआप कळेल.

शेवटी शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि भिवंडीत तो नाजूक आहे. इथे आवाजावरून मनं दुखावलेली आहेत, दोन्हीकडची. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये यावर सविस्तर निकाल दिला. 2016 मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की लाऊडस्पीकर लावणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. सप्टेंबर 2024 मध्ये याच न्यायालयाने म्हटलं, की गणेशोत्सवात मोठा आवाज घातक असेल, तर ईदच्या जुलूसमध्येही तो घातकच आहे. जानेवारी 2025 च्या निकालात तर लाऊडस्पीकरमध्येच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा विचार करावा, असं सरकारला सुचवलं गेलं.

आपल्यापैकी अनेकांना हे निकाल आपल्यावरच रोखलेले वाटतात. 2022 मध्ये भोंग्यांवरून जे राजकारण झालं, त्यानंतर तसं वाटणं समजण्यासारखं आहे. अंमलबजावणी सगळ्यांवर सारखी व्हावी, ही मागणी आपण जोरात केली पाहिजे. पण ती करताना आपला स्वतःचा जुलूसमधला डीजे आधी बंद असला पाहिजे. सूरह लुकमानमध्ये बापाने मुलाला आवाज खाली ठेवायची नसीहत केली आहे. ती आपल्याला पाठ असते, पण माईक हातात आला की आपण ती विसरतो.

डिजिटल मिक्सरमध्ये लिमिटर असतो. एकदा मर्यादा ठरवली, की कोणी कितीही ओरडला तरी आवाज तिच्यापुढे जात नाही. आवाज 10 डेसिबलने वाढवायला वीज दहापट लागते आणि कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. शब्द स्पष्ट असतील, तर ती दहापट वीज, तो शेजाऱ्याचा राग आणि ते पोलिसाचं बोलावणं, सगळंच टळतं.

आठवीतली मुलगी महिनाभर भाषण पाठ करते. स्टेजवर येते, माईक शिट्टी मारतो, पुढचे हसतात, मागच्यांना काहीच कळत नाही. ती खाली उतरते आणि समजते, की आपल्याला बोलता येत नाही. असं वर्षानुवर्षं चालू आहे, आणि आपण म्हणतो की आपल्या मुली पुढे येत नाहीत. कार्यक्रम ठरवताना पाहुण्यांची यादी करण्याआधी एकदा साउंडवाल्याला बोलवा, त्याला चहा पाजा आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची दाखवून सांगा, "भाई, आमचा कार्यक्रम इथे बसलेल्यांसाठी आहे. तूही इथेच बस."