विस्मरण आणि गोळ्यांची पिशवी

सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवेनासे झाले, की सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत कोणत्याही सुशिक्षित घरात ‘आता वय झालं’ असा निकाल देऊन प्रकरण दप्तरी दाखल होते. त्यांच्या गोळ्यांची पिशवी मात्र कोणी उघडून पाहात नाही. तीत मधुमेहाची मेटफॉर्मिन, पित्ताची पँटोप्रॅझोल, सर्दीची क्लोरफेनिरामिन, झोपेची अल्प्राझोलम अशा गोळ्या निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून जमलेल्या असतात, आणि काही पट्ट्या दुकानदाराने कात्रीने कापून दिल्यामुळे औषधाचे नाव दुकानातल्या तुकड्यावरच राहिलेले असते.

अल्प्राझोलम नव्या स्मृतींच्या नोंदणीत व्यत्यय आणते. क्लोरफेनिरामिन स्मरणास आवश्यक अशा अ‍ॅसिटिलकोलीन द्रव्याचे कार्य अडविते. परंतु पुण्यात मला अधिक चिंता वाटते ती मेटफॉर्मिनची. मधुमेहावरील ते उत्तम औषध आहे, हे निर्विवाद. तथापि, ते ब-12 जीवनसत्त्वाचे आतड्यातील शोषण घटविते, आणि ज्या जठराम्लावाचून अन्नातील हे जीवनसत्त्व सुटे होत नाही, ते आम्लच पित्ताची गोळी कमी करते. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांत ब-12 कमी आढळले होते, आणि शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. मुळातच तुटीत असलेल्या या शरीरांवर आपण वर्षानुवर्षे या दोन गोळ्यांचा भार घालतो. आणि यकृतातील ब-12 चा साठा हळूहळू आटत असल्यामुळे, या तुटीपायी पुढे पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्या नावे आणि विस्मरण वयाच्या नावे खर्ची पडते.

म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाची ब-12 तपासणी ठरावीक मुदतीने झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. झोपेची अल्प्राझोलम तर 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीत असून तिच्या विक्रीची नोंद दुकानदाराने स्वतंत्र वहीत ठेवणे बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे मिळत राहणे हा नियमांचा उघड भंग होय. मात्र हे वाचून कोणीही गोळी परभारे बंद करू नये, कारण अल्प्राझोलम एकाएकी थांबविल्यास झटकेही येऊ शकतात. सर्व गोळ्या, न कापलेल्या पट्ट्यांसह, एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि हे लवकर करावे. ब-12 ची उणीव इंजेक्शनाने भरून निघते, पण मज्जातंतूंची दीर्घकाळ झालेली हानी पूर्णपणे भरून येतेच असे नाही.